एकेरी तार की जोडतार?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन संगणकात न्यायचे दोन मार्ग: आरएस-२३२ (जुनी सिरियल जोडणी) किंवा यूएसबी.

आरएस-२३२ मध्ये सिग्नलची तार एकेरी. तिचं व्होल्टेज ग्राउंडच्या (शून्य व्होल्ट मानलेल्या सामायिक तारेच्या) तुलनेत मोजतात. शेजारी मोटर सुरू झाली की तारेत नॉइज (नको असलेले विद्युत हेलकावे) शिरतो, ग्राउंडही हलतं. म्हणून व्होल्टेज मोठं, ३ ते १५ व्होल्ट, आणि वेग कमी.

यूएसबी २.० मध्ये डी प्लस आणि डी मायनस या तारा एकमेकींना पीळ घालून जातात, हीच जोडतार. एक वर गेली की दुसरी खाली येते. रिसीव्हर फक्त दोघींमधला फरक बघतो. बाहेरचा नॉइज दोन्हींत जवळपास सारखाच शिरतो, त्यामुळे वजाबाकीत उडून जातो. किती सुंदर युक्ती आहे ही! त्याच बळावर जेमतेम ०.४ व्होल्टवर सेकंदाला ४८० मेगाबिट धावतात. (यूएसबीच्याच १२ मेगाबिटच्या कमी वेगात पॅकेट, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, संपल्याची खूण मात्र दोन्ही तारा एकदम खाली आणून देतात.)

अंतरात यूएसबी मागे पडते: केबल साधारण ५ मीटर, आरएस-२३२ची १५. काटा टेबलाशेजारी असेल तर माझं मत यूएसबीला. ऑफिस गोदामापलीकडे असेल तर आरएस-४८५ ही सिरियल जोडणी घ्या. तीही जोडतारच, पण १२०० मीटरपर्यंत जाते.