फर्निचरवरील पांढऱ्या डागांवरचे घरगुती उपाय : दिवाळी ते गणपती वापरून आलेला अनुभव

पॉलिश केलेल्या लाकडावर गरम भांडे किंवा गार पाण्याचा तांब्या राहिला की खाली जे पांढरे वर्तुळ उमटते, ते काढण्यासाठी सांगितले जाणारे बहुतेक घरगुती उपाय मी गेल्या दिवाळीपासून यंदाच्या गणपतीपर्यंत आमच्या घरातल्या फर्निचरवर वापरून पाहिले. व्हॅसलीन, खोबरेल तेल, इस्त्री, टूथपेस्ट, शेणीची राख आणि पॉलिशचे स्पिरिट हे त्यांतले मुख्य. काहींचा परिणाम लगेच दिसला, काहींचा पावसाळा आल्यावर ओसरला, आणि एखादा उपाय मी आता कोणालाही सुचवणार नाही. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे जूनपासून चार महिने हवेत ओल मुरलेली असते, तिथे ऋतूचा हिशेब धरल्याशिवाय या उपायांबद्दल काही ठाम सांगता येत नाही. म्हणून इतके महिने थांबून हे लिहीत आहे.

आधी फर्निचरविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे सासऱ्यांच्या काळातले सागवानी जेवणाचे टेबल आणि एक टीपॉय आहे. दोन्हींवर लाखेचे पॉलिश आहे. देवघराजवळचे कपाट अलीकडचे असून त्यावर मेलामाइन, म्हणजे कठीण थराचे रासायनिक पॉलिश, मारलेले आहे, आणि मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला सनमाइका आहे. पांढरे डाग या सगळ्यांवरच दिसत होते, पण ते एकाच जातीचे नव्हते. घरी जुन्या खुर्च्यांच्या कामाला आलेल्या पॉलिश मिस्त्रींना मी टेबल दाखवले, तेव्हा त्यांनी वर्तुळावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “वहिनी, डाग लाकडाला न्हाई पडला, पालिशला पडलाय. पालिश कुठलं हाय ते आधी बघा.” पुढचे सगळे प्रयोग मी या एका वाक्याच्या आधाराने केले.

लाखेचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये (एक प्रकारच्या अल्कोहोलमध्ये) विरघळवलेली चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ, पारदर्शक थर लाकडावर राहतो. उष्णतेने हा थर मऊ पडतो, आणि भांड्याखाली कोंडलेली वाफ किंवा तांब्याच्या बुडाशी साचलेले पाणी त्यात शिरते. आत अडकलेल्या ओलीमुळे तयार झालेल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तो भाग पांढरा दिसतो; ढगातले पाणी पारदर्शक असूनही ढग पांढरा दिसतो, तसेच हे आहे. यावरून दोन मार्ग निघतात. एक तर ती ओल बाहेर काढायची, किंवा त्या पोकळ्या तेलकट पदार्थाने भरून प्रकाशाला सरळ वाट द्यायची. टूथपेस्ट आणि राख यांचा मार्ग तिसरा आहे. त्या पॉलिशचा वरचा धूसर झालेला पापुद्रा घासून काढतात. उपाय निवडताना आपण या तिघांपैकी काय करत आहोत हे माहीत असले, तर अर्धी जोखीम कमी होते.

डाग काळा असेल, तर मात्र यांतला कोणताही उपाय उपयोगाचा नाही. पाणी पॉलिश ओलांडून लाकडापर्यंत पोहोचले आणि तिथे लोखंडाचा अंश मिळाला, की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याची प्रक्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो. कारागीर तो ऑक्झॅलिक आम्लाने काढतात. ते विषारी असल्याने घरात हाताळू नये. सनमाइक्यावरचे आमचे पांढरे डागही वेगळे निघाले. ते बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे होते आणि पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसून गेले. हेच फडके लाखेच्या पॉलिशवर मात्र फिरवू नये.

पॉलिश ओळखण्याची पद्धत सोपी आहे. टेबलाच्या आतल्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये जेमतेम बुडवलेली कापसाची काडी टेकवायची आणि थोड्या वेळाने बोट लावून पाहायचे. जागा चिकट झाली तर पॉलिश लाखेचे. नीट सुकलेल्या मेलामाइनवर किंवा पीयूवर (पॉलियुरेथेनच्या पॉलिशवर) स्पिरिटचा सहसा काहीच परिणाम होत नाही.

आता व्हॅसलीन. सगळ्या उपायांमध्ये मला सर्वांत भरवशाचा वाटलेला हाच आहे. डागावर बोटाने जाडसर थर द्यायचा, तो डागाच्या कडेबाहेर थोडा जाऊ द्यायचा, आणि रात्रभर तसाच ठेवायचा. टीपॉयवर पाण्याच्या तांब्याचे वर्तुळ होते. सकाळी मऊ सुती फडक्याने व्हॅसलीन टिपून घेतले तेव्हा वर्तुळ पूर्ण गेलेले नव्हते, पण ते सलग राहिले नव्हते; त्याचे तुकडे पडून तीन-चार पुसट कमानी उरल्या होत्या आणि मधल्या जागी सागाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. पुन्हा एकदा रात्रभर ठेवल्यावर कमानीही गेल्या. ताज्या डागावर याचा गुण चांगला येतो. वर्षानुवर्षांच्या डागावर मात्र धूसरपणा कमी होतो, पण तिरप्या उजेडात खूण दिसतेच.

मेयोनेज लावण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो. मेयोनेज म्हणजे मुख्यतः तेल आणि त्यात थोडे आंबट. काम होते ते त्यातल्या तेलामुळे. व्हॅसलीनची डबी घरात असताना मेयोनेज लाकडावर थापण्याचे कारण मला दिसत नाही, शिवाय मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. खोबरेल तेलानेही पुसट डाग मावळतो, पण ते सुकणारे तेल नसल्याने जागा बरेच दिवस तेलकट राहते आणि धूळ धरते. थंडीत आमच्याकडे सकाळी खोबरेल थिजलेले असते, तेव्हा तर ते लाकडावर पांढुरके साय धरल्यासारखे दिसून उलट गोंधळ होतो.

इस्त्रीचा उपाय सर्वांत झटपट आणि सर्वांत धोक्याचा आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, आणि इस्त्रीचे तळ सर्वांत कमी खुणेवरही त्याहून अधिक तापते. म्हणजे इस्त्री थेट टेकवली तर पॉलिश नक्की खराब होणार. मी जुन्या सुती धोतराच्या चार घड्या टेबलावर पसरल्या, वाफेचे बटण बंद केले, खूण सर्वांत खाली ठेवली आणि इस्त्री कापडावर क्षणभर फिरवून लगेच उचलली. प्रत्येक वेळी कापड उचलून खाली पाहिले. तिसऱ्या-चौथ्या फेरीला डाग कडेकडून निवळू लागला. पांढरा भाग आक्रसत मध्यभागी आला आणि शेवटी एक लहानसा ठिपका राहिला. तो ठिपका मी तसाच सोडला आणि रात्री त्यावर व्हॅसलीन लावले. उरलेला ठिपका घालवण्याच्या नादात आणखी एक फेरी मारावीशी वाटते, पण तोवर खालचा थर तापून मऊ झालेला असतो, आणि त्यावर कापडाची वीण उमटली तर पुन्हा पॉलिश करण्यावाचून इलाज नसतो. ज्यांना इतके लक्ष देणे शक्य नाही, त्यांनी केस वाळवण्याचे ड्रायर मंद उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, हलते ठेवून वापरावे. वेळ अधिक लागतो, पण डाग निवळताना सतत डोळ्यांसमोर असतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

टूथपेस्टबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. पांढरी, जेल नसलेली पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके घासले की वरवरचा डाग जातो, हे खरे आहे. परंतु डागाबरोबर त्या जागेची चकाकीही जाते. आमच्या टेबलावर वर्तुळाच्या जागी निस्तेज चट्टा आला आणि मेणाचे पॉलिश चोळल्यावरच तो आजूबाजूला थोडाफार मिसळला. पेस्टमध्ये खायचा सोडा मिसळावा असेही सांगतात. लाखेवर तरी ते करू नये, कारण लाख अल्कलीपुढे टिकत नाही. राखेचेही काहीसे असेच आहे. शेणीची राख वस्त्रगाळ करून खोबरेलात कालवून घासण्याची पद्धत सासूबाईंना माहेरापासून ठाऊक आहे, आणि त्यांच्या हाताने ती टेबलाच्या एका कोपऱ्यावर खरोखर चांगली चालली. त्या दोनच बोटांनी, जवळजवळ दाब न देता घासत होत्या, आणि मध्ये मध्ये फडक्याने पुसून पाहत होत्या. राखेत सिलिका, म्हणजे वाळूत असतो तो कठीण पदार्थ, असते, त्यामुळे ती गाळलेली नसेल तर बारीक ओरखडे पडतात. रांगोळी तर चुकूनही वापरू नये; तिचा दाणा लाकडाच्या पॉलिशसाठी फार खरखरीत असतो.

स्पिरिटचा उपाय लाखेच्या पॉलिशसाठी मुळातच योग्य आहे, कारण स्पिरिटने वरचा थर क्षणभर सैल होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. मलमलच्या कापडात कापूस गुंडाळून केलेला बोळा स्पिरिटने ओलसर करायचा. हाताच्या पाठीवर टेकवला तर गार लागावे, पण ओले होऊ नये, इतकाच. मग तो डागावरून न थांबता, अलगद पंख्यासारखा फिरवायचा. बोळा एका जागी थांबला तर पॉलिश तिथेच उचलले जाते. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि गॅस आधी बंद करून खिडक्या उघडाव्यात, हे वेगळे सांगायला नको. एप्रिलमधल्या कोरड्या दुपारी या पद्धतीने टेबलावरचे दोन जुने डाग पूर्ण गेले. तेच काम जुलैच्या संततधारेत केले, तर स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि नवीनच पांढुरकेपणा येतो. त्यामुळे आमचे पॉलिश मिस्त्री पावसाळ्यात लाखेचे काम घेत नाहीत.

सॅनिटायझरच्या थेंबांचे डागही काही जण पाण्याच्या डागासारखेच समजतात. सॅनिटायझरमध्ये बहुतांश अल्कोहोल असते आणि ते लाखेचा थर विरघळवते. आमच्या टीपॉयवर असा एक ओघळ आहे. त्यावर व्हॅसलीनचा काही उपयोग झाला नाही, कारण तिथे निघून जाण्यासारखी ओल नाही, पॉलिशच गेलेले आहे.

मेलामाइनच्या कपाटावर आरतीच्या तबकाच्या उष्णतेने पडलेल्या डागाला ड्रायर, व्हॅसलीन दोन्ही लावून पाहिले. फरक नाममात्र. असे थर कठीण असल्याने त्यांवर ओलीचा डाग सहसा पडत नाही, पण उष्णतेचा पडला तर तो घरगुती उपायांना दाद देत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. व्हॅसलीन आणि तेलाने घालवलेल्या डागांपैकी टीपॉयवरचा एक जुलैच्या मध्यात पुन्हा पुसटसा दिसू लागला, तर इस्त्रीने आणि स्पिरिटने घालवलेले डाग आजतागायत परतलेले नाहीत. तेलाने पोकळी भरली होती, ओल बाहेर गेली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावते. तेव्हापासून क्रम असा ठेवला आहे : डाग दिसला की आधी एक-दोन दिवस ती जागा पंख्याखाली मोकळी ठेवायची, कारण ताजे डाग पुष्कळदा आपोआपच निवळतात, मग मंद ड्रायर, मग व्हॅसलीन. डाग गेल्यावर लगेच मेण चोळायचे नाही, कारण मेणाखाली उरलीसुरली ओल कोंडते. आठवडाभर कोरडी हवा मिळाली की मगच मेणाचा पातळ हात द्यायचा.

गणपतीत घरी पाहुण्यांची वर्दळ होती आणि फुलांची परडी, तीर्थाचे भांडे, चहाचे कप सगळे टेबलावरच येत होते. जाड विणलेल्या सुती आसनांमुळे नवीन डाग एकच पडला, तोही पंख्याखाली दुसऱ्या दिवशी निवळला. टेबलाच्या मध्यभागी पांढऱ्या रस्स्याच्या पातेल्याने पडलेला जुना, तळहाताएवढा चट्टा मात्र कोणत्याच उपायाने पूर्ण गेलेला नाही. त्याच्या कडा विरल्या आहेत, मधला भाग खोलवर पांढरा आहे आणि तिथे नख फिरवले तर पृष्ठभाग किंचित खडबडीत लागतो. म्हणजे तिथला थरच तडकला आहे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की मिस्त्री तेवढा भाग घासून लाखेचे नवे हात देणार आहेत, आणि तोवर त्या चट्ट्यावर काहीही लावू नका, विशेषतः तेल, असे त्यांनी बजावले आहे, कारण तेल मुरलेल्या जागेवर नवे पॉलिश धरत नाही.