माझ्या डोळ्यांदेखत निघालेला होन

माझं कराडात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. बेअरिंग, बुश, ऑइल सील, असला माल. पितळ आणि गनमेटल मी हातात धरूनच ओळखतो, असं चार लोकांत सांगायचो. आता सांगत नाही.

जुन्या नाण्यांचा नाद घरातलाच. आजीच्या देवघरात दोन शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, होत्या, तिथून सुरुवात. हे दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, कारण काउंटरच्या काचेखाली मी चार-पाच नाणी मांडून ठेवली होती. मला गाठणाऱ्याला माझा पत्ता त्या काचेनेच दिला असणार.

चाळिशीचा माणूस, पाठीवर सॅक. बॅटरीच्या वायरला टर्मिनल मागायला आला आणि काचेवर वाकून म्हणाला, "ही दुदांडी ना?" बरोबर होतं. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या उत्तरकाळातल्या शिवराईला दुदांडी म्हणतात. एवढा शब्द ज्याला येतो तो आपल्यातलाच, असं मी धरून चाललो. त्याने सॅक उघडून मेटल डिटेक्टर दाखवला. खाली ताटलीएवढी कॉइल, वर छोटा पडदा, कानाला हेडफोन. "साहेब, पाटणच्या पलीकडं कुंभार्लीच्या जुन्या वाटेवर तांडे उतरायचे. तिथं एक मालकीरान आहे. एकदा या तर खरं."

तो तीन वेळा येऊन गेला. पैशाचा विषय एकदाही काढला नाही. चौथ्या वेळी मीच म्हणालो, चला.

फेब्रुवारीतला रविवार. ऐनाची पानं गळून खाली जाड थर झालेला, पाऊल टाकलं की कुरकुर आवाज. बरोबर एक गावातला पोरगा, त्याच्या हातात छोटी कुदळ. मशीन माझ्याच हातात दिलं होतं, आणि खरी चलाखी यातच होती. "तुम्हीच फिरवा, तुमच्या नशिबाचं निघू दे." तो फक्त पुढे चालत होता आणि अधूनमधून "जरा डावीकडं घ्या" म्हणत होता. एका जांभळीखाली कानात स्वच्छ टणत्कार आला. पोराने वीतभर उकरलं आणि हिरवट शिवराई वर आली. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसरीकडे "छत्रपति". माझे हात थरथरत होते. तासाभरात अशा पाच निघाल्या, आणि शेवटी एका मुळाच्या बेचक्यातून पिवळाधमक, बोटाच्या नखाएवढा होन.

शिवकालीन सोन्याचा होन किती दुर्मीळ आहे हे मला माहीत होतं. तरीही मनात आलं ते एवढंच, की मलाच का मिळू नये?

परतताना गाडीत तो गप्प होता. मग म्हणाला, घरी आईचं ऑपरेशन आहे, गिऱ्हाईक शोधायला वेळ नाही. माझा निम्मा हिस्सा तुम्हीच घ्या. सत्तर हजार. आणि कुठं बोलू नका साहेब, सरकार जमा करून घेतं. सोमवारी मी रोख दिले.

गुरुवारी फोन आला. "खात्यातून बोलतोय, तुम्ही खोदकाम केल्याची तक्रार आहे. पंचवीस हजारांत मिटवू." कोणत्या खात्यातून, ते मी विचारलंही नाही. रात्रभर झोप नाही. सकाळी बायकोने विचारलं तेव्हा सगळं ओकलो. ती म्हणाली, "आधी ते सोनं आहे का ते तरी बघा."

आमच्या ओळखीचे विट्याकडचे एक काका आहेत, उभं आयुष्य गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात गेलं. त्यांनी होन चिमट्यात धरून कडेला कानस मारली, कसोटीच्या दगडावर रेघ ओढली, वर ॲसिडचा थेंब टाकला. रेघ हिरवट फसफसली आणि गेली. "पितळ आहे रे. वरून मुलामा." पितळ! आणि मी बुश विकतो.

दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि पाचही शिवराया रांगेत मांडल्या. मग एकेक दिसायला लागलं. शिवराई हातोड्याच्या घावाने पाडलेली असते. त्यामुळे प्रत्येकीचा काठ वेगळा, कुठे अक्षर अर्धं बाहेर गेलेलं, कुठे कड फाटलेली. ठसा एकच असला तरी तांब्याची चकती एकसारखी नसते. माझ्या पाचांपैकी दोघींच्या "राजा"तल्या "रा"शेजारी काठाला अगदी सारखा टवका उडालेला होता. म्हणजे दोन्ही एकाच साच्यात ओतलेल्या. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या पोटात सुईच्या टोकाएवढी भोकं, ओतकामात हवा अडकली की पडतात तशी. हिरवा रंग साबणाच्या पाण्यात दातकोरणीने निघून आला. खरा गंज असा निघत नाही.

आणि माती. त्या रानातली माती तांबडी, जांभ्याची. अक्षरांच्या खाचेत बसलेली माती काळी होती, चिकट. आमच्या कृष्णाकाठची. जमिनीने काय ते सांगून टाकलं होतं, मीच ऐकलं नाही. उकरलं तिथे पानं उलटीसुलटी मिसळलेली होती, बारीक मुळं आधीच तुटलेली. शिवाय माणसं-जनावरं गेलेल्या वाटेवर मशीन फिरवलं तर आधी बैलाची पत्री, खिळे, बाटल्यांची बुचं निघणार, आणि जांभा-काळवत्री दगडातलं लोखंड उगाच कानाशी किरकिरणार. आम्हाला तासाभरात सहा नाणी मिळाली आणि एकही खिळा नाही.

वकिलाकडे गेलो तेव्हा तो आधी हसला. मग समजावून सांगितलं. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा १८७८ चा निखात निधीचा कायदा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. संरक्षित स्मारकाच्या आसपास आणि राखीव वनात परवानगीशिवाय कुदळ लावणं हा वेगळा गुन्हा. सातबारा काढला तेव्हा ते "मालकीरान" वनखात्याचं निघालं. "पण तुम्ही निधी लपवला नाही, कारण तो निधीच नव्हता. ही सरळ फसवणूक. पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेचं ३१८. तुम्ही तक्रारीला जाणार नाही एवढ्याच भरवशावर त्याचा धंदा चाललाय." खोदकामाबद्दल आपल्यालाही विचारतील, तेव्हा काही लपवू नका, हेही त्याने बजावलं.

तक्रार दिली. ठाण्यात हवालदाराने होन उलटसुलट करत विचारलं, "आणि तुमचं दुकान कशाचं म्हणालात?" दोन्ही नंबर तोवर बंद झाले होते. पैसे अजून मिळालेले नाहीत. काचेखाली मी आता पान्यांचा तक्ता लावलाय.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका नाणेवाल्या मित्राने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. निळ्या मखमलीवर शिवराई, हिरवीगार. मी फोटो मोठा केला. "रा"शेजारी तोच टवका.

लगेच फोन लावला. म्हटलं, घेतलीस का? पैसे दिलेस का?

"अरे बाबा, ही विकत घेतलेली नाही," तो खुशीत होता, "मशीन माझ्या हातात होतं. माझ्या डोळ्यांदेखत निघाली."