स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी : जुन्या डेस्कटॉपसाठी घ्यावी का?

फोंडा परिसरातील जत्रांमध्ये होणाऱ्या मराठी नाटकांचे चित्रीकरण आणि संकलन हे माझे काम असल्यामुळे मदरबोर्डच्या (संगणकातील मुख्य सर्किट-पाटीच्या) पीसीआय-एक्स्प्रेस स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्डे लावण्याच्या खाचेत, बसणारी एसएसडी (चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) मी रोज वापरतो. ती दोन प्रकारांनी मिळते. इंटेलने २०१५ मध्ये आणलेल्या ७५० मालिकेसारख्या कार्डांत चिप, कंट्रोलर आणि उष्णताशोषक हे सारे एकाच पट्टीवर असते. दुसऱ्या प्रकारात साध्या अ‍ॅडॅप्टर कार्डावर एम.२ एनव्हीएमई ड्राइव्ह (पीसीआय-एक्स्प्रेसवर चालणारी छोट्या पट्टीच्या आकाराची एसएसडी) स्क्रूने बसवतात. मी दुसरा प्रकार निवडला आणि इतरांनाही तोच सुचवेन, कारण उद्या नवा संगणक घेतला तर तोच ड्राइव्ह काढून त्याच्या एम.२ जागेत बसवता येतो.

वेगाबद्दल बोलताना जाहिरातीतील आकड्यापेक्षा आपल्या कामाचा हिशेब आधी मांडावा. साटा (हार्डडिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीची) एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत पोचते, तर तिसऱ्या पिढीच्या पीसीआय-एक्स्प्रेसच्या चार लेनवरील (लेन म्हणजे माहिती वाहून नेणारी मार्गिका) एनव्हीएमई ड्राइव्ह साधारण ३,५०० मेगाबाइटपर्यंत जातो. प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ स्वरूपातील ४के चित्रण सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने घेतले, तर एका कॅमेऱ्यासाठी सेकंदाला सुमारे ९२ मेगाबाइट लागतात. म्हणजे तीन कॅमेरे एकत्र पाहताना २७६. एवढे साटाला झेपते. मात्र त्याच वेळी प्रिव्ह्यू फाइल तयार होत असतील आणि शेजारी दुसऱ्या नाटकाचे फुटेज उतरवले जात असेल, तर साटावर टाइमलाइन अडखळू लागते, आणि कार्डाचे मोल तेथे कळते. ज्यांचे काम हिशेब, टंकलेखन आणि इंटरनेट एवढ्यापुरते आहे, त्यांना साटा एसएसडीपुढे हा फरक क्वचितच जाणवेल. त्यांनी खर्च करू नये.

खरी गुंतागुंत लेनची आहे, आणि दुकानात याविषयी फारसे कोणी बोलत नाही. स्लॉटची लांबी पाहून त्याचा वेग ठरत नाही. कित्येक मदरबोर्डांवर लांब दिसणाऱ्या दुसऱ्या स्लॉटला प्रत्यक्षात चारच लेन जोडलेल्या असतात, आणि २०१४ च्या आसपासच्या इंटेल बोर्डांवर चिपसेटकडून (मदरबोर्डवरील साहाय्यक चिपकडून) येणारे स्लॉट दुसऱ्या पिढीचे असून त्यांचा प्रोसेसरशी असलेला सेकंदाला सुमारे २ गिगाबाइटचा मार्ग साटा, यूएसबी आणि नेटवर्क यांच्याशी वाटून घेतलेला असतो. छोट्या, एकाच लेनच्या दुसऱ्या पिढीच्या स्लॉटची मर्यादा तर सेकंदाला ५०० मेगाबाइट, म्हणजे साटाहूनही कमी. प्रोसेसरला थेट जोडलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड लावले, तर ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेन आठवर येऊ शकतात. संकलनात त्याचा फारसा तोटा होत नसला, तरी मदरबोर्डचे माहितीपुस्तक वाचल्याशिवाय खरेदी करू नये असे मी आग्रहाने सांगेन. ग्राफिक्स कार्डामुळे जागाच उरली नसेल, तर प्रश्नच मिटतो.

चार ड्राइव्ह घेणारी सोळा लेनची स्वस्त कार्डे मोहात पाडतात. ती चालण्यासाठी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रणालीत) त्या स्लॉटच्या लेन चार-चारांत विभागण्याची सोय असावी लागते. नसल्यास चारपैकी एकच ड्राइव्ह दिसतो.

बूटिंगबाबतही अशीच दक्षता हवी. विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हता, ८.१ पासून तो आला. पण जुन्या बायोसला एनव्हीएमई ओळखता येत नसेल तर त्या ड्राइव्हवरून संगणक सुरू होणार नाही. अशा यंत्रात विंडोज साटा एसएसडीवर ठेवावी आणि कार्ड केवळ चालू कामासाठी वापरावे. माझी रचना हीच आहे आणि मी तीवर समाधानी आहे.

उष्णतेच्या बाबतीत कार्ड उजवे ठरते. ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला एम.२ ड्राइव्ह एप्रिल-मे महिन्यांत दीर्घ एक्स्पोर्ट करताना तापून स्वतःचा वेग घटवतो. कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या स्लॉटमध्ये ठेवता येते आणि त्यावर जाड उष्णताशोषक बसतो.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, हेही लक्षात घ्यायला हवे. वीज अचानक गेल्यावर अपुरे लेखन पूर्ण करणारे कपॅसिटर इंटेल ७५० मध्ये होते, पण घरगुती वापराच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये ते नसतात. म्हणून यूपीएसचा खर्च कार्डाच्या किमतीतच धरावा. शिवाय ही वस्तू संग्रहासाठी नाही. जेडेक या चिप-उद्योगातील मानकसंस्थेच्या मानकानुसार, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटाचे तापमान याहून वर जाते. त्यामुळे संकलन पूर्ण झालेले नाटक मी दोन हार्डडिस्कवर उतरवतो, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवतो, आणि मगच कार्डावरची जागा पुढच्या जत्रेसाठी मोकळी करतो.