गबरूच्या सांधेदुखीवर ‘स्टेमसेल’: माझे ४७,७९९ रुपये गेले, तुम्ही सावध राहा

आधी आकडे लिहिते. ३,४९९, मग ११,८००, मग २४,००० आणि शेवटी ८,५००. एकूण ४७,७९९ रुपये. घरात अजून पूर्ण रक्कम सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

गबरू आमचा लॅब्रडॉर. वय अकरा, वजन ३८ किलो, दोन्ही खुब्यांत संधिवात. आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. रात्री अडीचला तो कण्हायला लागला की त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घालून मी मागचा भाग उचलायचा आणि एकेक पायरी खाली न्यायचं. कधी जिन्यातच लघवी व्हायची. मग तो तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा, माझ्याकडे बघायचाच नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘‘सोडव गं त्याला आता.’’ आमच्या डॉक्टरांनी जे खरं होतं ते सांगितलं होतं: हा आजार पूर्ण बरा होत नाही, वजन उतरवा, मेलोक्सिकॅम (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) चालू ठेवा, गुळगुळीत फरशीवर मॅट टाका. पण मला ‘बरा होईल’ एवढंच ऐकायचं होतं. महिनोन्महिने रात्री उठलेल्यांनी मला मूर्ख म्हणावं, बाकीच्यांनी नको.

जाहिरात कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. ‘२१ दिवसांत जिना चढेल’ वगैरे. फोनवरचा ‘डॉक्टर’ रोज विचारायचा, ‘‘ताई, गबरूची रात्र कशी गेली?’’ घरात कुणी विचारत नव्हतं.

३,४९९ च्या पहिल्या पुड्या सुरू केल्या आणि चौथ्या दिवशी गबरू आपणहून उठला. जेवणावर तुटून पडला, भांडंभांडं पाणी प्यायला लागला. मला वाटलं, गुण आला. त्याच संध्याकाळी ११,८०० पाठवले. ती भूक आणि तहान बहुतेक स्टेरॉइडची होती, असं आमचे डॉक्टर नंतर म्हणाले. बिनलेबलची पुडी देऊ नका, वर ‘हर्बल’ लिहिलेलं असलं तरी.

आणि मग तो एक्स-रे. मी पाठवला होता खुब्यांचा. फोनवरचा ‘डॉक्टर’ म्हणाला, ‘‘गुडघ्याची गादी बघा ताई, किती झिजलीय.’’ फिल्म माझ्यासमोर खिडकीच्या काचेवर लावलेली होती. त्यात कंबर, मांडीच्या हाडांचे वरचे गोळे. गुडघे फिल्ममध्ये आलेलेच नव्हते. मी विचारलंही, ‘‘डॉक्टर, हे खुब्याचं आहे ना?’’ तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘‘सगळं एकाच साखळीतलं असतं.’’ मला कळलं होतं. पोटात गोळा आला होता. तरीही मी ‘बरं’ म्हटलं आणि वीस मिनिटांत ‘स्टेमसेल इंजेक्शन’चे (म्हणजे मूळ पेशींच्या इंजेक्शनचे) २४,००० भरले. तो ‘बरं’ मी स्वतःला माफ करू शकत नाही.

पुढचे ८,५०० थंड पेटीचं डिपॉझिट, ‘परत मिळेल’ म्हणून. परत मिळणारं डिपॉझिट कुणी मागितलं की तिथेच फोन ठेवा. इंजेक्शन द्यायला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गबरूला डांबरासारखी काळी शी झाली. मेलोक्सिकॅमच्या जोडीला स्टेरॉइड गेलं की पोटात अल्सर होऊ शकतात. चार दिवस सलाइन लावलं. नवीन काहीही देण्याआधी आधीच्या डॉक्टरांना फोन करा. मी लाजेने केला नाही.

पोलिसांकडेही लाजेनेच नऊ दिवसांनी गेले. ‘‘कुत्र्यासाठी एवढे पैसे? मॅडम, इथे माणसांच्या केसेस पडल्यात.’’ अर्ज लिहून नेला तर म्हणाले ऑनलाइन करा, ऑनलाइन करून गेले तर म्हणाले प्रिंट आणा. प्रिंट नेली, तेव्हा साहेब नव्हते. बँकेत एकच वाक्य: पिन तुम्हीच टाकलात. पुड्या पिशवीत घालून दोन सरकारी कार्यालयांत फिरले. एक म्हणे जनावरांचं औषध आमच्याकडे येत नाही, दुसरं म्हणे तो माणूस नोंदणीकृत डॉक्टरच नाही, मग आम्ही काय करणार. अहो, नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून औषध देतो, हीच तर तक्रार आहे! पिशवी हातात घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

पैसे गेले की त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं थांबू नका. आणि औषध देणाऱ्याला राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आधी विचारा.

उरलेल्या १४ पुड्या मी स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. पांढरट पावडर, कडूसर वास, पुडीवर हिरवं पान. तुमच्याकडे अशाच आल्या असतील तर टाकू नका, मला कळवा. दोघी-तिघी मिळून गेलो तर तक्रार घेतील.