रबरी अस्तराच्या पी-क्लिप: ब्रेक पाइपला पाचपैकी पाच, वायरिंगला तीन

पंचवीस वर्षं कंट्रोल पॅनेलचं वायरिंग केलंय. दार उघडलं की वायरी कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसल्या पाहिजेत, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे घरी दोन सीटची गाडी बांधायला घेतली तेव्हा बाकी काही जमो न जमो, ब्रेकचे पाइप आणि वायरी आपण देखण्या बसवणार याची खात्री होती. बसवल्याही. चार-चार बोटांवर काळा केबल टाय, सगळ्यांची डोकी एका रेषेत, शेपट्या साफ कापलेल्या. फोटो काढून मित्रांना पाठवले.

बॉडी चढवण्याआधी नुसती चॅसी थोडी फिरवली आणि परत स्टँडवर घेतली. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक पाइपवर, चॅसीच्या चौकोनी नळीच्या कोपऱ्यापाशी, नखाएवढी जागा आरशासारखी चकाकत होती. पाइप घासत होता. सायलेन्सरच्या नळीजवळचे दोन टाय तर तुटून लोंबत होते. पॅनेल भिंतीला असतं, गाडी हलते. इतकी साधी गोष्ट माझ्या अनुभवात कुठेच बसलेली नव्हती!

मग तो पाइप बदलला आणि या पी-क्लिप मागवल्या. इंग्रजी ‘P’सारखी वळवलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी, तिच्या दोन टोकांचे कान एकावर एक येऊन त्यातून स्क्रू जातो. तिला ईपीडीएम या कृत्रिम रबराचं अस्तर, मापं डीआयएन ३०१६ या जर्मन मानकाची. ब्रेक पाइपची बाहेरची जाडी ४.७५ मिमी, म्हणून ५ मिमीची क्लिप. पट्टी १२ मिमी रुंद, भोक एम५ स्क्रूचं. टाय पाइपला चॅसीवर दाबून धरतो आणि सैल पडला की तिथेच घासू देतो. क्लिप मात्र त्याला रबरात धरते आणि लोखंडापासून जरा उचलून ठेवते. सगळा फरक इथे आहे. अस्तर ईपीडीएमचं असल्याने नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल सांडलं तरी रबराला काही होत नाही. चॅसीचा रंग मात्र ते खातं, ते लगेच पाण्याने धुवा.

दोन क्लिपमधलं अंतर मी ३०० मिमीच्या आतच ठेवलं, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा. चॅसीत ७ मिमीचं भोक, त्यात एम५ रिव्हनट, म्हणजे भोकात आवळून पक्का बसवायचा आट्यांचा नट. भोकाच्या कडेची बर, म्हणजे धातूची धारदार किनार, कानशीने काढून रंगाचा हात मारा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. रबरी होजकडे जाताना पाइपचं टोक ब्रॅकेटवर पक्कं बांधायचं आणि होज मोकळा सोडायचा. मी उत्साहाच्या भरात होजलाही क्लिप लावली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो ताणला गेला, तेव्हा काढली.

बसवणं हे वैतागाचं काम. ५ मिमीच्या क्लिपचे दोन कान एकत्र आणून त्यातून स्क्रू घालायचा, तेही पाठीवर झोपून. एका हातात पक्कड, दुसऱ्यात पाना, स्क्रू छातीवर. पुतण्या शेवटी म्हणाला, ‘‘काका, आधी कान टायने आवळून घ्या, स्क्रू दोन आटे धरला की टाय कापा.’’ चाललं. ज्या टायना शिव्या घातल्या, त्यांच्याच मदतीने ३४ क्लिप बसल्या.

वायरिंगचे दोन गुण याच क्लिपनी घालवले. एक चूक माझी: वायरींचा जुडगा मोजून क्लिप आणल्या, नंतर त्यावर कापडी टेप गुंडाळला, मग एकही बसेना. आधी टेप गुंडाळायचा, मग मापायचं. दुसरी चूक रबराची. ब्रेक ऑइल सोसणारं हेच ईपीडीएम इंजिन ऑइलने फुगतं. इंजिनखालच्या तीन क्लिपचं अस्तर थोड्याच दिवसांत लिबलिबीत झालं. तिथे नायट्राइल रबराच्या अस्तराच्या हव्या होत्या. पुड्यातल्या चार क्लिपचं अस्तर पट्टीच्या कडेपर्यंत पोचतच नव्हतं. धारदार स्टीलची कड वायरीवर येणार असेल तर मग टायच बरा. बसवण्याआधी प्रत्येक क्लिपवरून बोट फिरवा.

बॅटरीची जाड केबल मात्र याच क्लिपमध्ये डोळे झाकून द्या. स्टार्टरच्या केबलला बहुतेक वेळा फ्यूज नसतो. तिचं आवरण घासून तांबं चॅसीला टेकलं तर थेट आग. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, हवाच, आणि ब्रेक पाइपच्या क्लिपमध्ये तिला सोबतीला कोंबू नका, पेट्रोलच्या नळीच्या तर नाहीच.

डॅशबोर्डच्या मागे अजून टायच आहेत. तिथे काही घासत नाही, आणि एका रेषेत फार छान दिसतात.