हलके स्टिअरिंग आणि रंगाखालचा वेल्ड

माझ्याकडे २००८ सालची टाटा २०७ पिकअप आहे. नारायणगाव परिसरातील टोमॅटो आणि भाजीपाला भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजारात पोहोचवणे हा माझा चरितार्थ. गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पन्नाशी ओलांडल्यावर माझा उजवा खांदा दुखू लागला आणि त्याच सुमारास स्टिअरिंगही पूर्वीपेक्षा जड वाटू लागले. दोष वयाचा असावा अशी मी स्वतःची समजूत घातली आणि स्टिअरिंग जड का झाले हे कोणालाही न विचारता थेट पॉवर स्टिअरिंग बसवून घेण्याच्या मागे लागलो.

पुणे-नाशिक महामार्गालगतच्या एका गॅरेजमालकाने २६,००० रुपये सांगितले. अपघातात निकामी झालेल्या, कमी चाललेल्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स, त्यातून चाकांना वळवणारा दांडा म्हणजे ड्रॉप आर्म, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप, तेलाची टाकी, तेलाच्या दोन्ही नळ्या म्हणजे होज आणि मजुरी असे सगळे त्यात होते. बॉक्स रिकंडिशन केलेला आहे, सील सगळे नवे आहेत, पासिंगलाही अडचण येणार नाही, असे तो म्हणाला. १२,००० रुपये यूपीआयने मागितले, तेही त्याच्या भावाच्या नावावर, उरलेले रोख. पावती म्हणून एका चिठ्ठीवर ‘स्टिअरिंग काम’ एवढेच लिहिले आणि माझा चालू स्थितीतला जुना बॉक्स ‘बदल्यात’ ठेवून घेतला. चार दिवस गाडी तिथे होती, पण तेवढ्या काळात पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून चाके हाताने हलवून पाहिल्याचे मला दिसले नाही.

गाडी ताब्यात देताना त्याने गॅरेजसमोरच्या सपाट डांबरी जागेत, रिकाम्या गाडीत मला बसवले आणि म्हणाला, “काका, एका बोटाने फिरवून बघा.” स्टिअरिंग खरोखर एका बोटाने फिरले. इतकी वर्षे दोन्ही हातांनी ओढलेली वस्तू इतकी हलकी झाल्यावर माणूस बॉनेटखाली वाकून पाहत नाही. मीही पाहिले नाही. पुढच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा बरीच जास्त भरली होती हे आठवड्याने पेट्रोल पंपावर कळले. टायर कडक असला की तो रस्त्याला कमी टेकतो आणि उभ्या गाडीतही सहज वळतो. त्या बोटाच्या करामतीत हवेचाही वाटा होता.

तिसऱ्या आठवड्यात अंगणात तेलाचे डाग दिसू लागले आणि टाकीतील पातळी रोज उतरू लागली. गावातल्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी टाकीत बोट बुडवून पाहिले, तर पॉवर स्टिअरिंगला लागणाऱ्या पातळ लाल तेलाऐवजी त्यात काळपट, दाट तेल होते. बॉक्सच्या खालच्या शाफ्टचा, तेल अडवणारा सील मुळातच गेलेला होता आणि काही दिवस तरी गळती दिसू नये म्हणून दाट तेलाची युक्ती केली होती. मग त्यांनी ड्रॉप आर्मवरचा ताजा काळा रंग तारेच्या ब्रशने घासला. आत वेल्डिंगची ओळ होती आणि तिच्या कडेने केसाएवढी भेग गेली होती.

ड्रॉप आर्म म्हणजे बॉक्सच्या शाफ्टवर खाचांत बसणारा आणि ड्रॅग लिंक या जोडदांड्यामार्फत चाकांना वळवणारा दांडा. तो घडीव पोलादाचा असतो आणि त्याला ठरावीक उष्णताप्रक्रिया दिलेली असते. वेल्डिंगच्या आचेने सांध्यालगतच्या पोलादाची ती घडण बिघडते. प्रत्येक वळणावर भार एकदा इकडून, एकदा तिकडून येतो आणि भेग पुढे सरकत जाते. पंप बंद पडला किंवा होज फुटला तर स्टिअरिंग फार जड होते, साध्या बॉक्सपेक्षाही जड, कारण पॉवरच्या बॉक्सला स्टिअरिंगचे फेरे सहसा कमी असतात आणि प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो. तरी चाके वळतात. ड्रॉप आर्म तुटला तर स्टिअरिंग हातात नुसते फिरत राहते. हे ऐकले तेव्हा मागच्या पंधरवड्यात भरल्या गाडीने माळशेजची वळणे किती वेळा उतरलो, ते मी मोजले. सात वेळा.

त्याहून जिव्हारी लागली ती मिस्त्रींची पुढची तपासणी. ॲक्सल उचलून पाहिला तर चाके ज्यांवर डावी-उजवी वळतात ते दोन्ही खिळे म्हणजे किंगपिन कोरडे पडले होते आणि एका बाजूचे, वरचा भार पेलणारे थ्रस्ट बेअरिंग अडकत होते. स्टिअरिंग जड होण्याचे मूळ कारण एवढेच होते. किंगपिन संच, बेअरिंग, ग्रीस आणि अलाइनमेंट मिळून खर्च आला ७,४०० रुपये. पंपाच्या जोराने तो दोष तीन आठवडे झाकला गेला होता. झीज चालूच होती, फक्त हाताला कळत नव्हती. पॉवर स्टिअरिंग वाईट आहे असे मी म्हणत नाही. गाडीला जुळणारा संच पक्क्या बिलासह नवा घेऊन बसवणारे जाणकार आहेत, पण तेही आधी ॲक्सल उचलतात.

गॅरेजमालकाकडे गेलो. “जुन्या मालाला गॅरंटी नसते,” एवढेच तो बोलला. माझा बॉक्स विकला गेला होता. साधा बॉक्स दुसरीकडून ९,००० रुपयांना घ्यावा लागला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तडजोड न झाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. गाडी धंद्याची असल्याने आपण ग्राहक ठरत नाही, असे मला सांगितले गेले होते. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा स्वतः केलेला वापर व्यापारी हेतूत मोडत नाही. तक्रारीस दोन वर्षांची मुदत असते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. हाती आहे ती दोन शब्दांची चिठ्ठी आणि भलत्याच नावावरचा यूपीआय व्यवहार. रोख दिलेल्या १४,००० रुपयांचा पुरावा नाही.

ड्रॉप आर्म मी गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. प्रकरण मिटेपर्यंत तो पुरावा आहे. त्यानंतर गॅसकटरने दोन तुकडे करूनच भंगारात देणार, कारण अखंड दिला तर कोणीतरी त्याला पुन्हा काळा रंग लावील.