पद्मिनीला १६५/८० आर १४ : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. आमच्या १९८८ च्या प्रीमियर पद्मिनीला मूळच्या ५.२०-१४ नायलॉन टायरच्या जागी मी १६५/८० आर १४ रेडियल बसवले. रिम मूळचेच, लोखंडी, १४ इंची. आत ट्यूब. गेल्या दिवाळीच्या तोंडावर बसवले आणि आता पावसाळा सरत आलाय. बडोद्यात मांडवी-रावपुऱ्याच्या गर्दीत, हालोल-पावागडच्या रस्त्यावर, अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर, मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आणि श्रावणातल्या खड्ड्यांत गाडी चालवून झाली. हीच साईज मी पुन्हा घेईन. १८५ चे रुंद टायर मात्र कुणी फुकट दिले तरी या गाडीला लावणार नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

टायर घ्यायला गेलं की दुकानात पहिला सल्ला ठरलेला: "काका, थोडां पहोळां नाखो ने, मस्त लागशे." रुंद टायर, जमलं तर अ‍ॅलॉय, म्हणजे गाडी 'भरल्यासारखी' दिसते. पण फियाटची (आमच्या घरात पद्मिनीला अजून फियाटच म्हणतात) बांधणी बघा. वजन नऊशे किलोच्या आसपास, इंजिन १०८९ सीसी, पॉवर स्टिअरिंग नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या स्प्रिंग. अरुंद आणि उंच टायरवर चालायलाच ती बनवली आहे. तिची चाल, स्टिअरिंगचा हलकेपणा, खड्ड्यावरून तरंगत जाण्याची सवय, यातलं निम्मं श्रेय त्या टायरच्या आकाराचं.

जुना आकडा वाचायचा कसा, ते आधी. ५.२०-१४ मध्ये ५.२० ही टायरची इंचातली रुंदी आणि १४ हा रिमचा व्यास. उंचीचा आकडाच नाही, कारण त्या काळच्या क्रॉसप्लाय (आपण ज्यांना नायलॉन म्हणतो त्या) टायरची उंची जवळपास रुंदीएवढीच धरलेली असायची. रेडियलवर मात्र तीन आकडे असतात. १६५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ म्हणजे रिम. आता १६५ चे ८० टक्के काढा: १३२ मिमी. आणि ५.२० इंचाचे मिलिमीटर करा: तेही १३२ च. हा हिशेब कागदावर जुळला तेव्हा माझा अर्धा निर्णय तिथेच झाला. नव्या टायरचा एकूण व्यास येतो ६१९.६ मिमी. माझा झिजून गोटा झालेला जुना टायर फितीनं साधारण ६१ सेंटिमीटर भरला, म्हणजे फरक नगण्य.

व्यास सांभाळायचा तो एवढ्यासाठी की गिअर, स्पीडोमीटर, गाडीची उंची, सगळं त्याच्याशी बांधलेलं असतं. बाजारात सहज मिळणारा १६५/७० आर १४ घेतला असता तर व्यास ५८६.६ वर आला असता. गाडी दीड सेंटिमीटरहून जास्त खाली बसली असती, आणि त्याच वेगाला इंजिनला साडेपाच टक्के जास्त फिरावं लागलं असतं. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला हायवेवर आधीच पुरेसं काम असतं. शिवाय मडगार्डमध्ये चाकावरती जी पोकळी दिसते ती वेगळीच. स्पीडोमीटरच्या काट्याला मी फारसं महत्त्व देत नाही, पण आता काटा ६० दाखवतो तेव्हा मोबाईल ५८ च्या आसपास दाखवतो. मला ते चालतं.

कागदावरच्या व्यासापेक्षा खरा आकडा हवा असेल तर तो घरच्या फरशीवरच मिळतो. हवा बरोबर भरायची, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवायचा, टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारायची. मग गाडी हळूच ढकलायची, टायरवरची रेघ परत खाली आली की फरशीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे चाकाचा चालू घेर. वजनाखाली टायर दबतो, म्हणून हा घेर कागदावरच्या घेरापेक्षा थोडा कमीच भरतो. जुन्या आणि नव्या टायरचा घेर एकाच पद्धतीनं मोजला की तुलना खरी होते.

आता १८५/७० बद्दल. याचा व्यास ६१४.६, म्हणजे जवळपास जुळणारा, आणि दुकानदार नेमका त्यावरच बोट ठेवतो. अडचण व्यासात नाही, रुंदीत आहे. माझ्या रिमची आतली रुंदी, म्हणजे बीड (टायरची रिमवर बसणारी जाड कड) जिथे बसतं त्या दोन कडांमधलं अंतर, चार इंच भरली. १६५/८० ला चार ते साडेपाच इंचाचा रिम चालतो. १८५/७० ला किमान साडेचार लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, पट्टा (जमिनीला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध फुगतो, झीज मध्यभागी होते आणि वळणावर टायर रिमच्या वर डुलतो. रुंद घेऊन जमिनीवर पकड वाढेल ही अपेक्षाच तिथे संपते. रिमची रुंदी प्रत्येकानं स्वतः मोजावी. तीस-पस्तीस वर्षांत या गाड्यांचे रिम इकडचे तिकडे झालेले असतात. पाचही रिम एकसारखे आहेत असं गृहीत धरू नका.

दुसरं मोजमाप मडगार्डच्या आतलं. यासाठी मी मळलेल्या कणकेचे गोळे वापरले. पुढे मडगार्डच्या आतल्या कडेला आणि मागे पाट्याच्या बाजूला, टायर जिथे जिथे लागण्याची शक्यता तिथे एकेक गोळा थापला. गाडीत चार जण बसवले, कॉलनीतला सगळ्यात वाईट स्पीडब्रेकर ओलांडला, मग मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण कापून हळू चक्कर मारली. टायर लागला तर कणकेवर त्याच्या नक्षीचा ठसा उमटतो. १६५ वर एकही ठसा नाही. ओळखीतल्या एकांची पद्मिनी १८५ वर आहे, तिलाही हेच करून पाहिलं, तर मागच्या गोळ्यावर नक्षी स्पष्ट उठली होती. त्यांना मागचं चाक काढायचं तर टायरची हवा सोडावी लागते, कारण मागच्या मडगार्डची कमान चाकावर बरीच खाली येते. रात्री हायवेवर पंक्चर झालं तर काय, हा प्रश्न साईज ठरवतानाच विचारायला हवा.

रिमचं काम टायरच्या आधी. गंजाचे पापुद्रे घासून काढले, वाकलेले दोन रिम लेथवाल्याकडून सरळ करून घेतले, रंग दिला, मगच टायर. टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घातली, कारण माझ्या जुन्या रिमला बीड धरून ठेवणारा उंचवटा, ज्याला हम्प म्हणतात, तो नाही. हवा कमी झाली आणि जोरात वळण घेतलं तर हम्पशिवाय बीड जागा सोडू शकतं आणि सगळी हवा एका क्षणात जाते. ट्यूब रेडियलचीच घ्या, टायरच्या आत चिकटवलेले कागद काढून टाका, पावडर सढळ हातानं मारा. इतकं केल्यावर आजवर ट्यूब घासल्याची तक्रार नाही.

फरक पहिल्या दिवशीच कळला, आणि तो सगळा चांगलाच होता असं नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना आधीपेक्षा जड लागतं. मांडवीच्या बाजूला गाडी लावायची तर खांद्याला कळतं. गाडी किंचित सरकत ठेवून स्टिअरिंग फिरवलं की सोपं जातं, पण हा जडपणा आहे हे लपवून उपयोग नाही. टायर बसवण्याआधी किंगपिनचं ग्रीसिंग आणि टाय रॉड एंड, म्हणजे पुढच्या चाकांचे स्टिअरिंगचे सांधे, बघून घ्या. तिथे ढिलाई असेल तर रेडियल ती झाकत नाही, उलट उघडी पाडतो. लहान, टोकदार खड्ड्यावर हळू वेगात धक्काही थोडा जास्त बसतो.

वेग चाळीसच्या वर गेला की मात्र गाडी वेगळीच होते. नायलॉन टायरवर एक्सप्रेसवेच्या चाकोऱ्यांत गाडी सतत इकडेतिकडे ओढायची, दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागायची. आता ती सरळ जाते. क्रॉसप्लायमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात, म्हणून बाजू दबली की पट्टाही मुरडतो. रेडियलमध्ये धागे आडवे आणि पट्ट्याखाली पोलादी कडं, त्यामुळे बाजू लवली तरी पट्टा जमिनीला सपाट राहतो. मिशेलिननं याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ मध्ये हे टायर बाजारात आणले. आमच्या गाडीपर्यंत ते पोचायला एवढी वर्षं लागली याचं वाईट वाटतं. ओल्या रस्त्यावरचा ब्रेक हा सगळ्यात मोठा फायदा. ड्रम तेच, लायनर तेच, पण पहिल्या पावसात गाडी घसरण्याआधी जी धाकधूक व्हायची ती गेली. विश्वामित्रीच्या पुलांपाशी पाणी साचतं तिथे मी अजूनही सावकाशच जातो, आणि अरुंद टायर साचलेलं पाणी चांगलं कापतो हे तिथे जाणवतं.

नायलॉनची आणखी एक खोड सुटली. गाडी आठवडाभर उभी राहिली की टायर खालून चपटा व्हायचा आणि सकाळी निघाल्यावर बराच वेळ गाडी डुगडुगायची. आता तो प्रकार जवळजवळ नाही.

हवेच्या बाबतीत जुना आकडा विसरा. नायलॉनला बावीस-चोवीस पौंड पुरायचे, तेवढ्यावर रेडियलच्या कडा झिजतात आणि स्टिअरिंग आणखी जड होतं. तीसवर ठेवून पाहिलं तर मागचे पाटे उड्या मारायला लागले. पुढे २६, मागे २८, गार टायरवर, हे माझ्या गाडीला जमलं. झीज आता पट्टाभर सारखी आहे. रेडियलची बाजू थोडी फुगलेली दिसतेच, ते पाहून पेट्रोल पंपावरचा मुलगा "हवा ओछी छे" (हवा कमी आहे) म्हणतो. त्याचं ऐकू नका, मीटर बघा.

खरेदीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी: तारीख. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. एका दुकानात मला 'अगदी नवीन' म्हणून दाखवलेल्या टायरवर पाच वर्षांपूर्वीची तारीख होती. रबर वापरलं नाही तरी जुनं होतं, आणि हौसेच्या गाडीचे टायर झिजून नव्हे, वयानंच बाद होतात. मी तिथून उठलो आणि दुसरीकडे गेलो. १६५/८० आर १४ ही स्विफ्ट आणि डिझायरची साईज असल्यानं माल सतत फिरता असतो, ताजा मिळतो, आणि हालोल असो की डभोई, अडलं तर कुठल्याही दुकानात सापडतो. १५५/८० आर १४ फियाटला कदाचित आणखी शोभला असता, स्टिअरिंगही हलकं राहिलं असतं, पण व्यास ६०३.६ आणि इथे तो मागवून घ्यावा लागतो. भार निर्देशांकही वाचा: माझ्या टायरवर ८५ आहे, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. या गाडीला भरपूर झाले.

पैसे वाचवायला दोनच रेडियल घेणार असाल तर एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असं कधीही करू नका. दोन घेतलेच तर मागे लावा, म्हणजे वळणावर मागची बाजू आधी सुटणार नाही. पण मन मोठं करून पाच घ्या, स्टेपनीसकट.

अ‍ॅलॉयचा मोह मलाही झाला होता. पण त्यात स्क्रूच्या वर्तुळाचं माप जुळलं तरी ऑफसेट (चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) जुळत नाही. चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंगला झटके येतात, आणि जुन्या हबवर तो प्रयोग करायची माझी तयारी नाही. शिवाय पॉलिश केलेल्या व्हील कॅपशिवाय फियाट मला बघवत नाही.

आणि एक. गाडी स्पर्धेत उतरवणार असाल तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवा. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर कॉन्कोर्स (जुन्या गाड्यांच्या देखणेपणाची स्पर्धा) भरला होता. अशा ठिकाणी परीक्षक मूळपणा बघतात, आणि तिथे ५.२०-१४ नायलॉनच हवा. माझे जुने पाच टायर जपून ठेवलेले नाहीत, कारण ही गाडी आम्ही दर आठवड्याला चालवतो, आणि पावसाळ्यानंतर ती पावागडच्या पुढे, जांबुघोड्यापर्यंत न्यायची आहे.